जीवदया आणि जीवशास्त्र
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या वातावरणात, १९७५ साली, आपल्या वडीलधाऱ्यांनी या ट्रस्टचे बीज रोवले. त्या पन्नास वर्षांचे गुणगान माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा किती तरी सुंदर रीतीने केले आहे. माझ्याकडे मात्र कार्यकारिणीने एक अडचणीचा विषय सोपविला आहे आणि तो मी अडचणीसकटच आपल्यापुढे मांडणार आहे.

सुवर्णमहोत्सवी निधीतून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या काही शाळांना विज्ञान शिक्षणासाठी साहाय्य करावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आहे. संगणक, सूक्ष्मदर्शक, पुस्तके यांविषयी कोणाचे दुमत झाले नाही. वाद झाला तो 'सजीव विज्ञान कोपरा' या एका कलमावर. प्रत्येक शाळेत ससे, पोपट, कासव आणि माशांची टाकी ठेवावी, म्हणजे ज्या मुलांच्या शाळेत प्रयोगशाळा नाही त्यांना निदान जिवंत प्राणी पाहून जीवशास्त्र शिकता येईल, असा त्यामागचा हेतू होता. एक पक्ष म्हणाला, जीवदयेसाठी स्थापन झालेल्या ट्रस्टने जिवांना पिंजऱ्यात घालण्यासाठी पैसा द्यावा हे आमच्या हयातीत होणार नाही. दुसरा पक्ष म्हणाला, आपली मुले मोठ्या शाळांत जाऊन सारे काही पाहतात, आणि गरिबाच्या मुलाची वेळ आली की आपल्याला अहिंसा आठवते. दोन बैठका वादळी झाल्या. हे दोन्ही पक्ष माझ्या घरातच आहेत. एकीकडे माझे थोरले बंधू, दुसरीकडे माझा मुलगा. त्यामुळे गेले तीन महिने आमच्या जेवणाच्या ताटावरही हीच चर्चा चालू आहे.

मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम. जीवशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील तर माझ्या दोनच पात्रता आहेत. एक, बेडकामुळे माझे विज्ञान सुटले. दुसरी, या ट्रस्टच्या वतीने पूर्वी एका शाळेत जिवंत प्राणी ठेवण्याचा जो प्रयोग झाला आणि फसला, तो माझाच होता.

पहिल्या पात्रतेविषयी आधी सांगतो. १९७७ साली मी दहावी झालो. गुण बरे पडले होते म्हणून शिक्षकांच्या सांगण्यावरून अकरावीला विज्ञान शाखेत नाव घातले. प्रात्यक्षिकाच्या तासाला काचेच्या मोठ्या बरणीत बेडूक आणून ठेवले होते. एकेका बेडकाला क्लोरोफॉर्म देऊन, मेणाच्या ट्रेमध्ये उताणा टाचून, पोट फाडून अवयव ओळखायचे होते. माझ्या ट्रेमधील बेडकाचे हृदय उघडल्यावरही धडधडत होते. शेजारचा मुलगा त्याचे ठोके मोजू लागला. मी बाहेर आलो आणि परत गेलो नाही. घरी वडिलांना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. दुकानातील कात्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "आपल्या घराण्याची कात्री ताग्यावर चालते, ती तिथेच चालू दे." पंधरा दिवसांत मी वाणिज्य शाखेत होतो. माझ्या पिढीतील किती तरी जैन मुले याच दाराने वाणिज्य शाखेत आली. त्यांतील एखादा उत्तम वैद्य झाला असता, एखादा कीटकशास्त्रज्ञ झाला असता. मला माझ्या व्यवसायाविषयी खंत नाही, परंतु त्या दिवशी मला दोनच पर्याय दिले गेले होते, मारून शिका किंवा शिकू नका, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

त्यानंतर पुष्कळ बदल झाला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा तेव्हाही होता. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेल्या आग्रहातून तो आला. पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तेथे अध्यापनासाठी प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, हे तत्त्व त्या कायद्यातच आहे. ते प्रत्यक्षात उतरायला अर्धे शतक लागले. शाळांमधून विच्छेदन क्रमाक्रमाने हद्दपार झाले. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबविण्यास सांगितले. आपल्या समाजाला याचा आनंद झाला आणि तो योग्यच होता.

पण त्या आनंदात आपण एक हिशेब करायचा विसरलो. बेडूक वाचला, पण त्याच्या जागी मुलाला काय मिळाले? सधन घरच्या मुलाला संगणकावरील बेडूक मिळाला, सहलीला जंगल मिळाले, सुट्टीत परदेशातील प्राणिसंग्रहालय मिळाले. ज्या मुलाच्या शाळेत प्रयोगशाळा कधी नव्हतीच, त्याला पूर्वीही पुस्तकातील चित्रच मिळत होते आणि नंतरही तेच मिळाले. फुलपाखराच्या जीवनक्रमाची गोल आकृती त्याने दर परीक्षेत काढावी, बाणांना नावे द्यावीत आणि शाळेच्या कुंपणावर बसलेली अळी चपलेने चिरडावी, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या मुलाची ती क्रूरता नव्हती. आकृतीतील अळी आणि कुंपणावरची अळी एकच आहे, हे त्याला कोणी दाखविलेच नव्हते.

आता माझी दुसरी पात्रता. २०१७ च्या जूनमध्ये, शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी, आपल्या ट्रस्टच्या वतीने मी एका महापालिका शाळेला माशांची टाकी भेट दिली. शाळेचे नाव घेत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता, आमचा होता. काचेची मोठी टाकी, हवेचा पंप, रंगीत खडे, बारा मासे. आपल्या अहवालात त्याचा फोटोही छापून आला होता, हार-तुऱ्यांसह. पहिल्याच आठवड्यात तीन मासे गेले. नळाचे पाणी तसेच ओतले होते. त्यातील क्लोरीन माशांना सोसत नाही, ते पाणी उघड्या भांड्यात दिवसभर तरी ठेवून मग घालावे लागते, ही साधी गोष्ट आम्हां देणगीदारांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. उरलेल्या नऊ माशांना मुलांनी नावे ठेवली. दिवाळीची सुट्टी लागली. शिपायाने नियमाप्रमाणे जाताना विजेचे मुख्य बटण बंद केले. सुट्टी संपवून मुले आली तेव्हा टाकीत काय होते ते मी वर्णन करीत नाही.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. पाचवीतील एक मुलगी मला म्हणाली, "काका, सुट्टीत शाळा बंद असते, हे माशांना माहीत नव्हतं ना?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुख्याध्यापिका बाईंनी मला आपल्या खोलीत बोलाविले. त्यांच्यापुढे अडचण वेगळीच होती. त्यांनी एक नोंदवही उघडली. 'जडवस्तू संग्रह नोंदवही', जिला आपण कार्यालयीन बोलीत डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो. बाके, कपाटे, घंटा, नकाशे यांच्या यादीत स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: मत्स्यपेटी, पंप व माशांसह, नग एक. शेऱ्याच्या रकान्यात आता काय लिहावे, असे बाईंनी विचारले. निर्लेखन करावे तर पेटी शाबूत आहे, न करावे तर मासे नाहीत.

बंधूंनो, जीव आणि अजीव यांचा भेद हा आपल्या तत्त्वज्ञानाचा पाया आहे. पाठशाळेतील सात वर्षांच्या मुलाला तो विचारा, बिनचूक सांगेल. आणि आपल्याच ट्रस्टने दिलेले बारा जीव त्या शाळेच्या जडसंग्रहात जमा झाले होते. त्या कारकुनाने चूक केली असे मी म्हणत नाही. आम्हीच त्यांना वस्तू म्हणून विकत घेतले, वस्तू म्हणून भेट दिली, तशीच त्यांची नोंद झाली. बरणीतील बेडूक आणि टाकीतील मासा यांत फरक एवढाच की पहिल्याला मारण्याचे ठरवून मारले आणि दुसऱ्याला प्रेमाने. त्या वेळी मनाने घेतले की आपल्या थोरल्या बंधूंचेच बरोबर, यापुढे शाळा आणि प्राणी यांचा संबंध आणायचाच नाही.

ते मत बदलले ते त्याच बाईंमुळे. टाकी त्यांनी फेकली नाही. तिच्यात एक थर मातीचा, एक थर वाळूचा, पुन्हा मातीचा, असे थर घातले, वर ओला पालापाचोळा टाकला आणि मुलांना गांडुळे शोधायला सांगितले. दिवाळीनंतरचे दिवस, जमीन सुकत आलेली. कोणालाच गांडूळ सापडेना. तेव्हा एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडीत नसे, बाईंना मोरीमागच्या ओल्या मातीकडे घेऊन गेला. वीटभट्टीवर काम करणाऱ्या कुटुंबातील तो मुलगा. ही कुटुंबे पावसाळा संपला की भट्टीवर येतात आणि पुढचा पाऊस आला की जातात. त्यामुळे त्याचे वाचन मागे पडलेले. पण कोणत्या मातीत गांडूळ राहते, पहिल्या पावसात ते वर का येते, हे त्याला ठाऊक होते. सहा गांडुळे सापडली. टाकीला काळे कापड गुंडाळले (ते कापड मात्र माझ्या दुकानातले) आणि दर दोन दिवसांनी कापड दूर करून मुलांनी थरांचे चित्र काढले. दोन आठवड्यांत वाळूचा थर मातीत मिसळत चालला, पाने मातीखाली ओढली गेली. पंधराव्या दिवशी सहाही गांडुळे जिथून आणली तिथेच, त्याच मुलाच्या हातून परत सोडली. बाईंनी मला निरोप पाठविला होता, "शेठ, यावेळी नोंदवहीत काही लिहिलेले नाही."

पुढे माझ्या वाचनात आले की चार्ल्स डार्विन यांनी अगदी हेच आयुष्याच्या अखेरीस केले होते. १८८१ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी गांडुळांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. अभ्यासिकेत मातीच्या कुंड्यांत ते गांडुळे बाळगीत. त्यांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी शिट्टी वाजविली, बसून नावाचे सुषिरवाद्य वाजविले, गांडुळे ढिम्म. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजविताच, लाकडातून कंप पोहोचल्याबरोबर, ती बिळात शिरली. डोळे नसूनही दिव्याचा तीव्र प्रकाश त्यांना जाणवतो, कोबी आणि गाजर यांची चव त्यांना कळते, हेही त्यांनी नोंदविले.

हे वाचताना मला पाठशाळा आठवली. शांतिसूरींचे 'जीवविचार' आपण सर्वांनी लहानपणी पाठ केले आहे. कोणता जीव किती इंद्रियांचा, याचीच तर ती मांडणी. शंख, जळू, गांडूळ बेइंद्रिय, स्पर्श आणि रस. मुंगी, वाळवी, ढेकूण तेइंद्रिय. माशी, भुंगा, विंचू चउरिंद्रिय. बेडूक पंचेंद्रिय. डार्विन एकेक इंद्रिय तपासीत गेले आणि आपल्या आचार्यांनी एकेका इंद्रियाने जिवांची पायरी मांडली. पाहणे दोघांनीही केले. मग माझ्या मनात शंका आली की गांडुळाला डोळा नसता प्रकाश कसा जाणवतो, मुंगीच्या डोक्यावर तर डोळे दिसतात, मग तिची गणना तेइंद्रियांत कशी? चातुर्मासात आलेल्या साध्वीजींना मी भीत भीत विचारले. त्यांनी मलाच उलट विचारले, "गाथा पाठ झाली तेव्हा आपले वय काय होते?" म्हटले, नऊ. "आणि गांडूळ प्रथम जवळून कधी पाहिले?" म्हटले, पंचावन्न उलटल्यावर, महापालिकेच्या शाळेत. त्या हसल्या. म्हणाल्या, शंका घेऊन आलात हे चांगले झाले, पण आधी शेहेचाळीस वर्षांचे पाहणे बाकी आहे, ते करा. माझ्या शंकेचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही, पण उत्तर मात्र पटले.

पुढच्या पावसाळ्यात बाईंनी कढीपत्त्याच्या चार आणि लिंबाच्या दोन कुंड्या मागितल्या. खर्च माशांच्या एका पंपाहूनही कमी. जुलैत फुलपाखरे आपण होऊन आली आणि पानांवर मोहरीएवढी अंडी घालून गेली. कोणी पकडले नाही, कोणी विकत आणले नाही. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडल्या. प्रथम त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणजे शत्रू फसावा. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. मुलांनी सात अळ्या मोजल्या होत्या. एका सकाळी चारच उरल्या, कारण बुलबुलाची जोडी येऊन तीन उचलून घेऊन गेली. वर्गात रडारड झाली. काही मुलांनी दगड गोळा केले, उद्या बुलबुल आला तर मारायचा. बाईंनी तास थांबविला आणि फक्त विचारले, बुलबुलाची पिल्ले काय खातात?

मी तेव्हा तिथे होतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, मला तो तास अवघड गेला. आपल्याला वाटते की निसर्ग म्हणजे शांतता. निसर्गात जीव जिवाला खातो आणि हे मुलांपासून लपविता येत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात जिवांचे एकमेकांवर उपकार असतात असे म्हटले आहे, त्याच्याशी बुलबुलाचा मेळ कसा घालावा हा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. पण एक पाहिले. दगड मुलांनी आपण होऊन टाकले. पुढे दीड-दोन आठवड्यांनी कोशातून दोन फुलपाखरे बाहेर पडली, तेव्हा अख्खी शाळा व्हरांड्यात श्वास रोखून उभी होती आणि ज्या मुलाने दगड गोळा केले होते तोच इतरांना म्हणत होता, हात लावू नका, पंख अजून ओले आहेत. जयणा हा शब्द त्याने कधी ऐकलेला नाही.

येथे कोणी म्हणेल, हे लहान मुलांचे खेळ झाले, यात शास्त्र कोठे? मग सलीम अली यांचे उदाहरण घ्या. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर आडोसा करून, शिडीवर बसून, महिनेन् महिने केवळ निरीक्षण केले. त्यातून निघाले ते असे: घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाल्यावर मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आपण मराठीत त्या पक्ष्याला सुगरण म्हणतो, बहिणाबाईंनी विणकरणीचे कौतुक करणारी सुंदर कविता रचली, आणि विणणारा निघाला नर! सलीम अली काही आपल्यासारखे अहिंसाव्रती नव्हते, हेही सांगितले पाहिजे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला आणि पुढेही त्यांनी नमुन्यांसाठी पक्षी मारले. पण किहीमचा हा शोध मारून लागला नसता. मेलेली सुगरण घरटे विणत नाही.

मुंबईत मानखुर्द येथे असलेले टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली स्थापन झाले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तेथील अभ्यासकांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील मुलांबरोबर काम केले आणि दाखवून दिले की भाषा सोपी केली व मुलांकडे नीट लक्ष दिले तर याच मुलांचे शालान्त परीक्षेतील यश लक्षणीय वाढते. त्याच केंद्राची 'हलके-फुलके विज्ञान' ही पुस्तके प्राथमिक वर्गांसाठी आहेत. त्यांत मुलांना आपल्या आसपासचे प्राणी व झाडे जाऊन पाहायला सांगितलेले आहे. विश्वस्तांनी निर्णयापूर्वी ती जरूर चाळावीत, ही माझी विनंती.

आता वादाच्या कलमाकडे येतो. ससे, पोपट, कासव ही यादी रद्द करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि बाजारात चोरून विकले जाणारे चांदणीच्या नक्षीचे कासवही त्याच कायद्याखाली येते. जीवदयेचा ट्रस्ट न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहिलेला मला पाहायचा नाही. ससा पाळण्यास कायद्याची आडकाठी नाही, पण दिवाळी आणि मे महिना हे दोन्ही त्याच्याही नशिबी आहेत.

माझा मुलगा म्हणतो, शैक्षणिक हेतू असला की परवानगी मिळते. मिळत असेल. बत्तीस शिराळ्यातील नागपंचमीचे जिवंत नागांचे प्रदर्शन न्यायालयाच्या आदेशाने थांबले होते. २०२५ साली केंद्र सरकारने अभ्यास आणि शिक्षण या कारणासाठी तेथे मर्यादित नाग पकडू दिले. त्या गावाच्या श्रद्धेवर मी टीका करीत नाही. परंतु 'शैक्षणिक' हा शब्द फार मोठी छत्री आहे, तिच्याखाली १९७७ चा बेडूकही उभा होता.

आणि आपल्याविषयीही एक कटू गोष्ट बोलू द्या, मोठ्यांनी क्षमा करावी. अभयदान म्हणून आपण बाजारातून पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन सोडतो. मी व्यापारी आहे. माल खपला की व्यापारी काय करतो हे मला कोणी शिकवायला नको. तो दुसऱ्या दिवशी दुप्पट माल मागवितो. सुटलेल्या प्रत्येक पक्ष्यामागे जाळ्यात दुसरे पक्षी जातात आणि त्यांची मागणी आपल्या पुण्याईने नोंदविलेली असते. माझी टाकीही अशीच होती.

म्हणून माझी सूचना अशी की प्राणी शाळेत आणण्याऐवजी मुले प्राण्यांकडे न्यावीत, आणि शाळेत जे येईल ते आपल्या पायांनी किंवा पंखांनी येईल आणि तसेच जाईल एवढी सोय करावी. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साहाय्याने सिग्नल शाळा सुरू केली, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांपाशी गेली होती. येथे उलट करायचे आहे आणि ते फार दूरही नाही. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला फुलपाखरांची ओवळेकर वाडी आहे. येऊरचे जंगल आहे, जेथील पाड्यांवरच्या मुलांकडून आपल्या मुलांनी शिकावे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. थंडीत हजारो रोहित तेथे उतरतात, मान उलटी करून चोचीने चिखलपाणी गाळून खातात, आणि त्या खाण्यातील रंगद्रव्यानेच गुलाबी होतात. लोकलने रोज खाडी ओलांडणाऱ्या किती जणांनी ते पाहिले आहे, हात वर करा. बघा, मीही करू शकत नव्हतो.

खर्चाचे सांगायचे तर मुख्य खर्च बसचा आहे. त्यानंतर प्रत्येक मुलाला एक बऱ्यापैकी भिंग, शाळेला कुंड्या आणि शिक्षकांसाठी दोन दिवसांचे शिबिर. ऋतू पाहून आखणी करावी लागेल. अळ्या आणि बेडकांची पिल्ले पावसाळ्यात, तीही डबक्याच्या काठी बसून पाहायची, बरणीत नाही. वीटभट्टीवरची मुले दिवाळीनंतर येतात, तेव्हा त्यांच्यासाठी मुंग्या, कोळी, खाडीवरचे पक्षी आणि सुगरणीची रिकामी घरटी. मुंग्यांसाठी तर चिमूटभर साखरेवाचून काही लागत नाही. रांगेच्या वाटेवर ओले फडके फिरविले की मुंग्या गोंधळतात, वासाचा माग पुसला जातो, आणि थोड्या वेळात नवा माग तयार होतो. फडके फिरविण्यापूर्वी वाटेवर मुंगी नाही ना, हे पाहायला मुले विसरत नाहीत, असा बाईंचा अनुभव आहे.

थोरल्या बंधूंनी काल रात्री विचारले, यातही एखादा जीव पायाखाली येणारच, त्याचे काय? येईल. त्याचे उत्तर माझ्याकडे मिच्छामि दुक्कडम् एवढेच आहे. ते गप्प राहिले. मग म्हणाले, बसमध्ये माझ्यासाठी एक जागा ठेव.

तर आता व्यवहाराचे. विश्वस्त मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे, तोवर निधीला हात लागणार नाही. मात्र त्याच शाळेतील चाळीस मुलांना येत्या रविवारी ऐरोलीला खाडीकाठी न्यायचे ठरले आहे, खर्च माझ्या दुकानाचा. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, म्हणून शाळेच्या दारातून सकाळी साडेसहाला निघावे लागेल. दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस हवा, म्हणजे आठ. बंधू धरून तीन झाले आहेत. नवकारशी पाळणाऱ्यांच्या नाश्त्याची वेगळी सोय केली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर दाराजवळच्या मेजावर नाव नोंदवावे, आणि ज्यांच्या घरी जुनी दुर्बीण पडून असेल त्यांनी ती घेऊन यावे.

जय जिनेंद्र.